अन्याय सिद्ध करावा लागतो

आपल्या माणसांवर अन्याय झाला आणि त्यासाठी कोर्टात उभे राहायचे आहे, एवढ्या एका कारणाने कायद्याकडे वळणारी मुलेमुली आजही पुष्कळ आहेत. वकिली वर्तुळात या इच्छेला भाबडेपणा समजण्याची सवय आहे. ती मला मान्य नाही. ही इच्छा खरी आहे आणि या व्यवसायाला तिची गरज आहे. मात्र ती बाळगणाऱ्याला एक गोष्ट सहसा कोणी सुरुवातीला सांगत नाही. अन्याय झाला हे सगळ्या गावाला ठाऊक असले तरी कोर्टात तो सिद्ध करावा लागतो आणि ते काम सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादाच्या कितीतरी आधी, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात लिहिल्या जाणाऱ्या फिर्यादीपासून सुरू होते. सामाजिक अन्यायाविरुद्ध कायदा वापरू इच्छिणाऱ्याने आपले शिक्षण या पहिल्या कागदाभोवती उभे करावे, असे मला वाटते.

चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. चवदार तळ्याचा दावा फार थोडे लोक वाचतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा, सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी त्यानुसार तळे खुले असल्याचे जाहीर केले आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारो लोक ते पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि ठरलेला दुसरा सत्याग्रह स्थगित करावा लागला. त्यानंतर नऊ वर्षांहून अधिक काळ आंबेडकर या दाव्यात प्रतिवादी होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने सवर्णांचे अपील फेटाळले. निकाल कशावर लागला, हे पाहण्यासारखे आहे. अस्पृश्यता अमानुष आहे, असे म्हणून न्यायमूर्तींनी तो दिला नाही. सांगितलेली वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे दावेदारांना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. ही रूढी सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, या प्रश्नात शिरण्याची कोर्टाला गरजच भासली नाही. माणूसपणासाठीचा एवढा मोठा लढा कोर्टात जिंकला गेला तो एका रूढीच्या वयावर. हे वाचून मन खट्टू होते. पण कोर्ट कसे चालते हे याहून स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आता काळ बदलला आहे, कायदा पीडिताच्या बाजूने लिहिलेला आहे, असे कोणी म्हणेल. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा खरोखरच तसा आहे. तरीही २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा सत्र न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरूनही या कायद्याखालचा आरोप टिकला नाही. २०१० मध्ये हायकोर्टातही तो टिकला नाही. खुनाला या कायद्याचे कलम लागण्यासाठी गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ झाला, हे तेव्हा सिद्ध करावे लागत असे. २०१५ च्या दुरुस्तीने हे शब्द बदलले आणि पीडित दलित किंवा आदिवासी आहे हे आरोपीला माहीत असणे पुरेसे ठरले. म्हणजे जे बदलावे लागले ते पुन्हा पुराव्याचे माप होते. एरवीचे खटले तर याहून साध्या कारणांनी पडतात. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, असा नियम असताना तो खालच्या अधिकाऱ्याने केलेला असतो. जातीचा दाखला वेळेवर दाखल होत नाही. शिवीगाळ चारचौघांसमोर झाली, हे फिर्यादीत लिहायचे राहून जाते आणि नंतर जबाबात आले की उलटतपासणीत ते मागाहून रचलेले ठरते. गडचिरोलीतली बाई माडियात किंवा गोंडीत सांगते, जबाब पोलिसी मराठीत उतरतो, निकालाची चर्चा इंग्रजीत होते. या वाटेवर काय गळाले हे ओळखू शकेल असा वकील तिच्या शेजारी हवा, आणि तो फिर्यादीच्या दिवशीच हवा. इंग्रजी कच्चे म्हणून स्वतःला कमी लेखणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हे ध्यानात घ्यावे की खालच्या कोर्टाचा कागद त्याच्याच भाषेत लिहिला जातो.

समाज चळवळीने बदलतो, कोर्टाने नाही, हा आक्षेप गंभीर आहे. मनाई हुकमाने महाडचा सत्याग्रह रोखला, हे वर आलेच आहे. पण देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्याचा इतिहास वेगळे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडल्यावर, १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. स्त्री संघटनांनी तो प्रश्न रस्त्यावर नेला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे, असे पुराव्याच्या कायद्यात आले. चळवळीने मिळवलेली गोष्ट पुराव्याचा एक नियम होती. निकालपत्र बारकाईने वाचणारे लोक नसते, तर नेमके काय मागायचे हे चळवळीला इतक्या लवकर सापडले नसते.

आरोपीचीही बाजू घ्यावी लागेल, मग न्यायाच्या ध्यासाचे काय, असेही विचारले जाते. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत आणि त्यांत दलित, आदिवासी व मुस्लिमांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. त्यांचा जामीन अर्ज नीट लिहिणे हे अन्यायाविरुद्धचेच काम आहे. पोटापाण्याचा प्रश्न मात्र मी सहज बाजूला सारणार नाही. तालुक्यातला नवा वकील वर्षानुवर्षे तुटपुंज्या मिळकतीवर काढतो आणि गरीब घरातली मुलगी तेवढी वर्षे थांबू शकत नाही. खुद्द डॉ. आंबेडकरांना वकिलीच्या जोडीला अध्यापन करावे लागले होते. बार कौन्सिल आणि सरकार यांनी अशा नवोदितांना पहिली काही वर्षे विद्यावेतन द्यायला हवे. केवळ त्यागाच्या भरवशावर ही माणसे टिकणार नाहीत.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीतले आरोपी यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या कोर्टातच त्यासाठी विधी सेवा समिती असते. कायद्याच्या पहिल्या वर्षात असाल तर तिथे जा, फिर्यादी आणि जबाब वाचायला मागा, आणि अनुभवी वकिलाशेजारी बसून उलटतपासणी ऐका.