डब्याची लाज

अध्ययन संपवून गृहस्थाश्रमाकडे निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लीने दानाविषयी असे बजावले आहे की, देणाऱ्याच्या ठायी श्रद्धेबरोबर लज्जाही असली पाहिजे. लाजायचे कोणी, याविषयी ऋषींच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. आम्ही मात्र ते ओझे घेणाऱ्याच्या माथी टाकून मोकळे झालो आहोत, आणि याची प्रचीती ज्यास हवी असेल त्याने नांदेडहून हिंगोलीकडे जाताना लागणाऱ्या अर्धापुरासारख्या तालुक्याच्या गावी शाळेच्या मधल्या सुट्टीत घटकाभर बसावे.

ईसापूर धरणाच्या पाण्यावर पोसलेल्या केळीच्या बागांनी हा मुलूख ओळखला जातो. पण त्या बागांत रोजाने जाणाऱ्या बाईच्या मुलाच्या डब्यात केळे असेलच असा भरवसा नाही. असते ती ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फार तर घट्ट वरण. आठवीपर्यंत सरकारी खिचडी आहे. नववीत पाऊल पडताच ती बंद होते, आणि ज्या वयात दुसऱ्याच्या नजरेचे भान येते नेमक्या त्याच वयात घरचा डबा चव्हाट्यावर येतो. शेजाऱ्याच्या हातात पाच रुपयांचा चकचकीत पुडा असला की हा झाकण अर्धेच उघडतो आणि घास मुठीत लपवून तोंडात घालतो.

रसना जिंकण्याचा उपदेश आमच्याकडे इतका झाला आहे की, मुलाचा डबा रुचकर करण्याची आईची खटपट एखाद्या विरक्तास निव्वळ जिभेचे चोचले वाटेल. परंतु गीतेने सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराच्या लक्षणांत मनाला रुचणेही धरले आहे. (शिजवून प्रहर उलटलेल्या अन्नाला तेथेच तामस म्हटले आहे, त्या न्यायाने सकाळी भरून दुपारी उघडलेला महाराष्ट्रातील यच्चयावत डबा तामस ठरेल. भगवंतांसमोर शाळेचे वेळापत्रक नव्हते, एवढे म्हणून पुढे जाऊ.) मराठवाड्यातील गृहिणीने या पेचावर आपल्यापुरता तोडगा केव्हाच काढला आहे. ज्वारीच्या पिठात मूठभर बेसन, बारीक चिरलेला कांदा, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ आणि असेल तर दही घालून, ओल्या फडक्यावर थापून, बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडले, की जे धपाटे होते ते भाकरी वातड झाल्यावरही मऊ राहते, आणि त्याचा जादा खर्च त्या मूठभर बेसनाचा व पळीभर तेलाचा. दारिद्र्याची लाज आपल्यापाशी ठेवून मुलाला ताठ मानेने झाकण उघडू देणारी ही बाई उपनिषद न वाचता ते आचरीत असते.

उद्दालकाने श्वेतकेतूला 15 दिवस केवळ पाण्यावर ठेवले तेव्हा पाठ असलेले वेद त्याला आठवेनात, आणि जेवताच ते आठवले, ही छांदोग्यातील कथा. सरकारदरबारी ही गोष्ट पटण्यास बराच काळ लागला: 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची शालेय आहाराची योजना निघाली, तरी बहुतेक ठिकाणी मुलांच्या पदरी कोरडे धान्यच पडे; शिजलेले अन्न द्या, हा हुकूम सर्वोच्च न्यायालयास 28 नोव्हेंबर 2001 रोजी सोडावा लागला.

लाजेविना जेवण्याची रीतही आपल्याकडे आहे. काल्यात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालविल्या, तेव्हा कोणाची कोणती हे विचारण्याची सोय उरली नाही. गुरू गोविंदसिंहांनी 1708 मध्ये जेथे देह ठेवला त्या नांदेडच्या लंगरात पंगतीला बसणाऱ्यास नाव-गाव कोणी पुसत नाही. तेथे कोणी ओशाळत नाही, याचे कारण माझ्या मते साधे आहे: दाता दिसतच नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, व ते न खाणाऱ्यास केळे मंजूर केले. जानेवारी 2025 मध्ये अंड्यांची तरतूद काढून घेऊन लोकसहभागाची वाट दाखविली. अर्धापुरास ही बाब जड नाही. भाव कोसळला की तोडणीची मजुरीही न सुटणारा माल झाडावरच पिकतो; त्यांतील दोन-चार घड शाळेस दिल्याने बागाईतदाराचा जमाखर्च बिघडणार नाही. मात्र मुलांना रांगेत उभे करून, एकेकाच्या हाती केळे देताना छायाचित्र काढविण्याचा जो रिवाज पडू लागला आहे, तो तेथे नसावा. शाळा भरण्यापूर्वी घड शिपायाच्या स्वाधीन करून निघून जाता येते, आणि पावती हवीच असेल तर ती मुख्याध्यापकांच्या दप्तरी राहू शकते.