दारातील नदी

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



सोयाबीनचा हंगाम सरत आला होता. वाशीमच्या आमच्या मशिदीत इशाची नमाज आटोपली, सफा रिकाम्या झाल्या, तरी एक वृद्ध गृहस्थ जागेवरच बसून होते. आयुष्यभर त्यांनी मापारी म्हणून धान्य तोलले. मी जवळ गेलो तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, "मौलाना, चाळीस वर्षे झाली, नमाज सोडली नाही. पण अल्लाह जवळ आहे असे मला कधी वाटले नाही. माझी नमाज पोहोचत नसेल का?" मी धीराचे दोन शब्द सांगून त्यांना निरोप दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हा प्रश्न माझाही होता. त्या चाचांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आज येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, अल्लाह दूर नाही. सूरह बकराच्या १८६ व्या आयतीत त्याने आपण दासांच्या निकट असल्याची आणि हाक मारणाऱ्याला प्रतिसाद देत असल्याची ग्वाही दिली आहे. सूरह काफच्या १६ व्या आयतीत ही निकटता मानेच्या शिरेहूनही अधिक असल्याचे सांगितले आहे. म्हणजे त्याला जवळ आणायचे नसून विखुरलेल्या स्वतःला त्याच्यापुढे आणायचे आहे.

हे घडावे कसे? हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेल्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये पैगंबर मुहम्मद (स.) यांनी पाच नमाजांना दारातून वाहणाऱ्या नदीची उपमा दिली आहे. त्या नदीत रोज पाच वेळा स्नान करणाऱ्याच्या अंगावर मळ उरत नाही, तशा या नमाजा पापे धुऊन टाकतात. आपल्या जिल्ह्यातील माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. काटेपूर्णेचा उगम येथलाच, पैनगंगाही येथून वाहते, तरीही वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन दूरवर चालणाऱ्या आयाबहिणी आपण पाहिल्या आहेत. पाण्याचे मोल जाणणाऱ्याच्या दारात नदी यावी आणि त्याने केवळ पायाची बोटे भिजवून परत फिरावे, असे होईल का? नमाजेच्या बाबतीत मात्र आपण तसेच करतो.

हिशेब करून पाहा. दिवसभरातील फर्ज रकाती १७, म्हणून सजदे ३४. सूरह अलकच्या शेवटच्या आयतीत सजदा आणि अल्लाहचे सान्निध्य यांचा आदेश एकत्र आला आहे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार बंदा आपल्या पालनकर्त्याच्या सर्वाधिक जवळ असतो तो सजद्यात, म्हणून तेथे भरपूर दुआ करण्याची शिकवण आहे. फर्जमध्येच रोज ३४ वेळा आपण त्या ठिकाणी पोहोचतो. पण थांबत नाही. कपाळ जमिनीला टेकते न टेकते तोच उचलले जाते. घाईघाईने नमाज अदा करणाऱ्या एका माणसाला पैगंबरांनी (स.) पुनःपुन्हा परत पाठवून ती नव्याने अदा करायला लावली आणि अखेर रुकू व सजद्यात स्थिर होण्यास शिकवले. स्थैर्य हा नमाजेचा अलंकार नाही, तो तिचा भाग आहे.

दुसरा अडसर अर्थाचा. सूरह फातिहा ही अल्लाह आणि त्याचा दास यांच्यात वाटली गेली आहे, दासाच्या प्रत्येक वाक्याला अल्लाह उत्तर देतो, असे हदीसमध्ये आले आहे. जो संवाद आहे त्यातील आपलेच शब्द आपल्याला कळत नसतील, तर मन बाजारात भटकणारच.

येथे एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आई आजारी असताना मी रुग्णालयात तिच्या उशाशी होतो. रात्रपाळीला एक ख्रिस्ती परिचारिका असे. पाळी संपण्यापूर्वी, पहाटे, ती खिडकीपाशी उभी राहून साध्या मराठीत प्रार्थना करी. एके दिवशी तिचे शब्द कानी पडले. ती एकेका खाटेवरच्या रुग्णासाठी मागत होती आणि त्यात सात नंबरची आजीही होती. ती माझी आई. त्याच पहाटे मी फजर उरकली होती आणि पाठ असलेली दुआ म्हणून हात तोंडावरून फिरवले होते. शेजारच्या खाटेवर कोण आहे, हेही मला ठाऊक नव्हते. हजरत ईसा (अ.) यांच्याविषयी तिची श्रद्धा आणि आपला तौहीदचा अकीदा यांत भेद आहे, तो मी पुसू इच्छित नाही. पण ख्रिस्ती लोकांतील धर्मगुरू व संन्यासी यांच्या निरहंकारी वृत्तीची दखल कुरआननेही सूरह माइदाच्या ८२ व्या आयतीत घेतली आहे. तिच्या नित्यनेमाने मला लाजवले, हे कबूल करण्यात कमीपणा कसला?

मराठी साहित्याचा विद्यार्थी असताना मी फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' अभ्यासले होते. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या या पाद्रीने मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये हा ग्रंथ छापला, कारण लोकांच्या हृदयापर्यंत त्यांच्याच भाषेतून जाता येते, हे त्याने ओळखले होते. आपल्या नमाजेतील पठण अरबीतच राहील. परंतु सलाम फेरल्यानंतर हात उचलून मागायला आईची भाषा चालते. कर्ज, मुलीचे लग्न, रुसलेला भाऊ, न आलेला पाऊस, सारे त्याच्यापुढे मराठीत मांडा. त्याला दुभाष्या लागत नाही.

पुढच्या जुम्याला मी चाचांना हे सारे सांगितले आणि विचारले, "इतक्या वर्षांत मापात पाप कधी घडले का?" ते म्हणाले, "दडपण आले, लालूच आली. पण तराजूला हात लावला की वाटायचे, तो पाहतो आहे." मी म्हणालो, "चाचा, मग जवळीक आणखी कशाला म्हणतात?" नमाज दुष्कृत्यांपासून रोखते, असे सूरह अनकबूतच्या ४५ व्या आयतीत आले आहे. ज्याचा हात तिने रोखला, त्याची नमाज पोहोचत नाही असे कोण म्हणेल? उलट, सूरह माऊनमध्ये गाफील नमाजींना इशारा आहे. ते दिखावा करतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही देत नाहीत. मनाला गोडी लाभली तर ती अल्लाहची देणगी. कसोटी मात्र मुसल्ल्यावरून उठल्यावर लागते.

वाचकहो, थोडे पण सातत्याने केलेले कर्म अल्लाहला सर्वाधिक प्रिय आहे, हे हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. म्हणून आजच्या इशापासून एवढेच करा. घरात सर्वांनी मिळून फातिहाचा अर्थ मराठीत वाचा. सजद्यातील तस्बीह सावकाश म्हणा. सलामनंतर आपल्या भाषेत एक मागणे स्वतःसाठी आणि एक शेजाऱ्यासाठी मागा, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

हे अल्लाह, आमच्या दारात तू नदी आणली आहेस. तिच्यात उतरण्याची सद्बुद्धी आम्हाला दे, आणि आमच्या हातांना तुझ्या नजरेची जाणीव दे. आमीन.