सहल आणि अनर्थदंड

मौजेसाठी डोंगरदऱ्यांत हिंडणं हा अनर्थदंड होतो का? मैत्रिणींनो, हा प्रश्न मला माझ्या भाचीने अमेरिकेहून फोनवर विचारला. पाठशाळेत शिकलेली मुलगी, बारा व्रतांची नावं तिला अजून पाठ आहेत.

युटा राज्यातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात ती चार दिवस जाऊन आली. कधी पायी भटकंती, कधी डोंगरी सायकली आणि रात्री तंबू. कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी लाल खडक कापून तिथे खोल दऱ्या केल्या आहेत. दऱ्यांच्या मधल्या टप्प्यावरून शंभर मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा, कच्चा रस्ता जातो. त्याला व्हाइट रिम म्हणतात.

"मावशी, सायकल त्या रस्त्याबाहेर न्यायचीच नाही. पायवाटांवरसुद्धा चालत नाही," ती सांगत होती. याचं एक मोठं कारण म्हणजे तिथल्या वाळूवरचा काळपट, खडबडीत पापुद्रा. दिसायला मळ, पण तो जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, शेवाळ आणि आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाची भावंडं यांनी मिळून तो विणलेला असतो. तो वाळू धरून ठेवतो, झाडांना नत्र पुरवतो. एका पावलाने मोडतो, आणि भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकंही लागतात.

आता शास्त्र काय म्हणतं? समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. निष्फळ जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं हे त्यात येतंच, पण निष्फळ हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणंही येतं. म्हणजे सहल काढणारी आणि सहलीला जाणारी, दोघीही त्यात सापडल्या!

पण मला 'निष्फळ' या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. पृथ्वीकाय जीव हे भाचीने लहानपणी घोकले होते. त्या वाळूपाशी ओणवी होऊन तिने जमीन जिवंत असते म्हणजे काय, ते पाहिलं. तिच्या सहलीला हे फळ आलं. नुसते फोटो काढून परतली असती तर हेच हिंडणं निष्फळ ठरलं असतं. हिंडण्याला फळ आहे की नाही, हे हिंडणाऱ्याच्या सावधपणावर ठरतं. म्हणूनच आपल्या साधूंना ईर्यासमिती सांगितली आहे: चार हात पुढची जमीन निरखत चालायचं. पुढचं दिसेल तेवढाच वेग ठेवायचा.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. २०२२च्या डिसेंबरात सम्मेद शिखरजीचं पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून आपला समाज गावोगावी रस्त्यावर उतरला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी ती. तिथे मौजमजा नको, हे आपलं म्हणणं रास्तच होतं. पण तोच डोंगर संथाळांचा मरांग बुरू आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होतं? भाची गेली त्याच दरीप्रदेशातला बेअर्स इअर्स हा भाग होपी, नवाहो, यूट आणि झुनी लोकांना पवित्र वाटतो. आमच्या शेजारच्या सत्तरीत देवराया आहेत. जिथे आपलं मंदिर आहे तो डोंगर तीर्थ, आणि जिथे नाही तो स्पीकर लावून नाचायला मोकळा, असा भेद अहिंसेत बसत नाही. पृथ्वीकाय जीव कुणाच्या देवाचा डोंगर हे बघून जन्म घेत नाहीत.

यावर डिचोलीत लगेच ऐकू येईल, "अहो, खाणींनी अख्खे डोंगर खाल्ले, आणि तुम्ही सायकलच्या चाकाचा हिशेब मांडता?" हो, मांडते. खाणीत अनेकांची पोटं गुंतली होती. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा इथल्या किती घरांची घडी विस्कटली, हे आम्ही पाहिलं आहे. पोटामुळे ती हिंसा माफ होत नाही, पण तिचा निवाडा करायला कायदा आणि न्यायालय आहे. मौजेच्या हिंसेत पोटाचा प्रश्नच नसतो. ती टाळायला आपल्याला कुणाचाही निकाल लागत नाही.

आपल्याकडचे जांभ्याचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात. पावसाळ्यात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, बेडूक आणि किडे वावरतात. जमीन अशी जीवांनी भरते म्हणून साधू चातुर्मासात एका ठिकाणी थांबतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या सहलींना भर येतो.

भाचीला मी म्हटलं, "जा गो. पण रस्ता सोडू नकोस, आणि वाकून बघायला वेळ ठेव." आपल्याला तर युटाला जायचीही गरज नाही. यंदाच्या पावसात सड्यावर गाडी किंवा सायकल घालायची नाही, मळलेल्या वाटेवरूनच चालायचं आणि मुलांना चार हात पुढे बघायला शिकवायचं, एवढा नियम घरातल्या घरात घेता येईल.