दान आणि अट

आमच्या व्यवसायात दानपत्राचा मसुदा करताना प्रथम विचारावे लागते ते हे की, दान सशर्त आहे की निरपेक्ष? दात्याने अट घालावी, घेणाऱ्याने ती मान्य करावी अथवा दान परत करावे, हा सरळ व्यवहार होय. परंतु घेणाऱ्याने दान पदरात घ्यावे आणि मागाहून दात्यालाच अट घालावी, हा प्रकार कायद्याच्या पुस्तकापेक्षा देवस्थानांच्या इतिहासात अधिक आढळतो. वाग्गेयकार त्यागराज यांचे चरित्र आणि त्यांच्या समाधीची हकीकत वाचताना हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

त्यागराजांचा जन्म १७६७ साली तिरुवारूर येथे झाला. आयुष्य गेले ते कावेरीकाठच्या तिरुवैयारू गावी. सोंठी वेंकटरमणय्या यांच्यापाशी ते गायन शिकले. त्यांच्या कृती बहुतांशी तेलुगू भाषेत असून आज सुमारे सातशे उपलब्ध आहेत. त्या काळी तंजावरच्या गादीवर भोसलेकुळीचे राजे होते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापिलेल्या या गादीवर १७९८ पासून १८३२ पर्यंत दुसरे सरफोजी होते. सरस्वती महाल ग्रंथालयाला वैभव आणणारा हा राजा विद्येचा खरा चाहता होता. त्याच्या दरबाराकडून मानधन आले असता त्यागराजांनी ते परत केले, असे परंपरा सांगते. धन सुखाचे की रामाचे सान्निध्य सुखाचे, असा प्रश्न करणारी त्यांची कल्याणी रागातील कृती या प्रसंगाशी जोडली जाते.

या कथेवरून त्यागराजांनी कोणाचेच काही घेतले नाही, असा अर्थ आपण काढतो. तो बरोबर नाही. ते उंच्छवृत्तीने राहत. भजन गात गावातून फिरावे, दारोदारी मिळेल तो मूठभर तांदूळ घ्यावा आणि त्यावर घर चालवावे, असा तो नेम होता. अर्थात राजाचे नाकारणारा गावाचे घेत होता, आणि त्या तांदळावर चूल पेटविणाऱ्या गृहिणीचाही त्या त्यागात वाटा होता. मग भेद कोठे राहिला? आमच्या मते तो अटीत आहे. राजाच्या मानधनामागे नरस्तुतीची न बोललेली अपेक्षा उभी होती. मूठभर तांदळामागे कसलीच नव्हती. त्यागराजांनी धन नाकारले त्यापेक्षा अट नाकारली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

अखेरीस संन्यास घेऊन १८४७ साली त्यांनी देह ठेवला. कावेरीच्या तीरावरील त्यांची समाधी पुढे दुर्लक्षित होऊन पडझडीस आली. तिचा उद्धार केला तो बंगळूर नागरत्नम्मा या देवदासीकुळातील विख्यात गायिकेने. १९२१ साली त्यांनी काम हाती घेतले आणि आपल्या गायनाच्या मिळकतीतून उभारलेल्या मंदिराची प्रतिष्ठा १९२५ मध्ये झाली. परंतु दरवर्षी पौष वद्य पंचमीला होणाऱ्या आराधनेत समाधीपुढे गाण्याची मोकळीक पुरुषांनाच होती. मंदिर बांधणारीला ती नव्हती. तेव्हा १९२७ पासून नागरत्नम्मांनी मंदिराच्या मागील बाजूस स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. निरनिराळे पक्ष एकत्र येण्यास १९४० च्या सुमाराचा काळ उजाडावा लागला.

उत्सवाचे सोवळे राखणे हे व्यवस्थापकांचे कर्तव्यच आहे, असे यावर कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. नियमांवाचून संस्था चालत नाहीत. पण ज्यांना त्या बाईचे गाणे अपवित्र वाटत होते, त्यांना तिने बांधलेल्या भिंती पवित्र कशा वाटल्या? त्यांच्यापुढे त्यागराजांचाच मार्ग मोकळा होता. नको असेल तर दान परत करावे आणि उघड्या आकाशाखाली आराधना करावी. दान घेणे आणि दाती नाकारणे या दोन गोष्टी एकाच सोवळ्यात बसत नाहीत.

ही दूरदेशीची गोष्ट म्हणून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. गोमंतकातील देवळांच्या सभामंडपांत पिढ्यान्‌पिढ्या ज्या स्त्रियांनी गाणे वाहिले, त्यांच्या सेवेवाचून पालखीचा सोहळा पुरा होत नसे. महाजनांच्या वहीत मात्र त्यांना जागा नव्हती. पुढे त्याच समाजातून जगन्मान्य गायिका निघाल्या आणि आज आपण त्यांची नावे अभिमानाने घेतो. सेवा घ्यायची, कीर्तीही घ्यायची आणि सेवेकऱ्याला उंबऱ्यापलीकडे ठेवायचे, हा व्यवहार येथेही झाला आहे. तो कोणत्या नियमाला धरून होता, हे सांगून नीतीचा प्रश्न सुटत नाही.

देवस्थानाचा कारभारी हा विश्वस्त असतो, मालक नव्हे. देवाला वाहिलेले गाणे, दिलेली समई किंवा बांधलेली पायरी ही त्याच्या हाती ठेव म्हणून असते. तेव्हा येत्या उत्सवापूर्वी प्रत्येक समितीने आपल्या जुन्या वह्या एकदा उघडून पाहाव्यात, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. कोणाकोणाचे आपण घेतले आणि त्यांपैकी कोणाला आत बोलाविले नाही, याची एक यादी होईल. ज्या नावांपुढे हिशेब बाकी दिसेल, त्यांच्या वंशजांना यंदाच्या उत्सवाचे पहिले आमंत्रण जावे.

नागरत्नम्मा १९५२ साली निवर्तल्या. त्यांचे स्मारक त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे आणि आज तेथे पंचमीला स्त्री-पुरुष एकत्र बसून पंचरत्न कृती गातात.