थांबलेले आणि अडकलेले

वांगणीला फक्त कर्जत आणि खोपोलीच्या लोकल येतात. अंबरनाथ, बदलापूरच्या गाड्या आमच्या अलीकडेच संपतात. ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर ठाण्याला कर्जत गाडी चुकली, की पुढच्या गाडीची वाट बघणं आलं. इथे घर घेणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच माहीत असतं. घर परवडतं, कारण त्याच्या किमतीचा एक भाग रोज प्रवासात चुकवायचा असतो. वर्क फ्रॉम होमच्या काळात आम्हीही इथे फ्लॅट घेतला. हप्ता माझ्या पगारातून जातो.

गेल्या वर्षी कंपनीत पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून मला एक स्मृतिचिन्ह मिळालं. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "अशी निष्ठा आजकाल दिसत नाही." टाळ्या वाजल्या, मीही हसलो. त्या पाच वर्षांत मी तीन वेळा राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता, हे फक्त मला माहीत होतं. तो न पाठवण्याचं कारण घराचा हप्ता होतं.

त्याच आठवड्यात आमच्या टीममधल्या एका मुलीने पेपर टाकला. ती दोन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत होती, की ग्राहकाला दिलेल्या तारखा खोट्या आहेत, लोक रात्री जागून त्या पाळतात आणि त्यातून चुका होतात. मी तेव्हा मान खाली घालून लॅपटॉपकडे बघत असे. ती गेल्यावर सूर निघाला, की तिला कंपनीबद्दल आपुलकी नव्हती. म्हणजे बोलून बघून गेलेली ती बेइमान आणि न बोलता राहिलेला मी निष्ठावान! हा हिशेब कुठेतरी चुकतो आहे, असं तेव्हापासून वाटत राहिलं.

चूक मोजण्यातच आहे. ॲट्रिशन रेट म्हणजे वर्षभरात शंभरातले किती लोक गेले, एवढंच. राहिलेल्यांपैकी किती जण आवडीने थांबले आणि किती अडकले, हे तो आकडा सांगत नाही. त्यामुळे आकडा खाली आणायला दोन रस्ते निघतात. एक म्हणजे काम करण्याजोगी जागा तयार करणं. दुसरा म्हणजे दार जड करणं. कागदावर दोन्हींचा निकाल सारखाच दिसतो.

२०२२ साली आमच्या क्षेत्रात माणसं भराभर नोकऱ्या बदलत होती. त्या वर्षी मार्चअखेरच्या तिमाहीत इन्फोसिसचा हा दर २७.७ टक्के होता, टीसीएसचा १७.४. एप्रिलमध्ये पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे इन्फोसिसच्या करारातल्या एका अटीबद्दल तक्रार केली. नोकरी सोडल्यावर सहा महिने, आधी ज्या ग्राहकाचं काम केलं त्याचंच काम ठरावीक स्पर्धक कंपन्यांत जाऊन करायचं नाही, अशी ती अट होती. गोपनीय माहिती जपण्यासाठी अशी अट नेहमीचीच असते, अशी कंपनीची बाजू होती. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारे करार रद्दबातल ठरवतं. पण कोर्टात कोण जाणार? अशा अटींचं बरंचसं काम भीतीवरच भागतं.

मालकाची बाजू खोटी नाही. माणूस निवडायला, शिकवायला पैसा लागतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ही अट नोकरी चालू असतानाची आहे, नंतर दुसरीकडे काम करायला बंदी करत नाही, आणि सरकारी बँकेला भरतीची मोठी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, असा तो विचार आहे. मला तो पटतो. झालेला खर्च मागणं रास्तच आहे. मात्र खर्चाच्या भीतीने थांबलेल्या माणसाला निष्ठेचं स्मृतिचिन्ह देऊ नये, इतकंच.

मग पगार वाढवावा का? वाढवावा, त्याने फरक पडतो. १९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यात कामगार इतके येत-जात होते, की वर्षाचा दर ३७० टक्क्यांवर गेला होता. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि गळती झपाट्याने कमी झाली. पण त्यातली निम्म्याच्या आसपास रक्कम नफ्यातला वाटा म्हणून होती, आणि ती मिळण्यासाठी कामगाराचं घर, दारू, बचत हे सगळं कंपनीचे तपासनीस येऊन बघत. पैसे चांगले होते, दारही जड होतं.

आमच्याकडे याचं सौम्य रूप म्हणजे काउंटर ऑफर. राजीनामा दिल्यावर अचानक तीस टक्के वाढ सापडते. म्हणजे ती आधीही देता आली असती. न मागणाऱ्याला मात्र तेव्हा कळतं, की आपल्या गप्प राहण्याची किंमत आपणच भरत होतो. एक्झिट इंटरव्ह्यूही तसाच: निघालेल्या माणसाला विचारलं जातं, काय बदलायला हवं होतं? हा प्रश्न आदल्या वर्षी विचारला असता, आणि उत्तर दिल्याबद्दल कुणाचं अप्रेझल बिघडलं नसतं, तर निम्मे मुद्दे तिथेच सुटले असते. नोटिसीचे नव्वद दिवस तीसवर आणून बघावेत. तरीही जे थांबतील, ते खरे आपले.

हे सगळं मालकाला सांगणं सोपं आहे. गेल्या महिन्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने मला विचारलं, "दादा, दुसरीकडची ऑफर आलीये, घेऊ का?" तो गेला तर त्याचं काम माझ्यावर येणार होतं, आणि थांब म्हटलं असतं तर तो थांबलाही असता. मी ऑफर नीट वाचली आणि म्हणालो, "घे." पुढे मॅनेजरांनी विचारलं, तू त्याला अडवलं का नाहीस? खरं कारण मी त्यांना सांगितलं: आपल्याकडे त्याला या वर्षी शिकायला काही नव्हतं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तुला?"

पाच वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला गेला. चौथा मेल मी अजून लिहिलेला नाही.