वासराच्या वाट्याचं दूध

सकाळच्या चहात ओतायचं दूध घेताना आपण फॅट बघतो, भाव बघतो. गोठा बघत नाही.

गांधीजींनी 1912 साली, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर असताना, दूध सोडलं. त्यामागे 'फुका' प्रथेची किळस होती. जनावरानं पान्हा चोरू नये म्हणून त्याच्या जननमार्गात नळीनं हवा फुंकायची, असा हा प्रकार. 1960च्या प्राणी-क्रूरताविरोधी कायद्यानुसारही तो गुन्हा आहे. पुढे त्याच कामासाठी कित्येक गोठ्यांत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आलं.

पान्हा फुटतो तो वासरासाठी. म्हशीच्या नर रेडकाला तर शेतात फारसं काम नाही, म्हणून त्याचं दूध आधी तुटतं आणि कितीतरी रेडकं उपाशी मरतात. मला ही क्रूरता फुक्याहून मोठी वाटते, कारण ती कुणाला दिसतच नाही.

दूध सोडा, असं मी म्हणणार नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला ते कोणत्या तोंडानं सांगू? पण रतीब घालणाऱ्या दादांना विचारता येतं: रेडकू जगलं का? त्याला किती सड सोडता? भाकड म्हशीचं पुढं काय करता? आणि उत्तर मनाजोगं मिळालं, तर लिटरमागे चार पैसे जास्त मोजायला हवेत. रेडकाच्या पोटात गेलेल्या दुधाचा तोटा गवळ्यानं एकट्यानं का सोसायचा?