गाडी मुलाची, मान कोणाचा?

रिद्धपूरच्या आसपासच्या खेड्यांतून काम करणाऱ्या एका शिक्षकबंधूंनीं एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मंडळीच्या बालमंडळांत पांच ते नऊ वर्षांचीं मुलें येतात. सुगी संपल्यावर एका शनिवारीं या मुलांच्या खेळण्यांतील गाड्यांची शर्यत घ्यावी, असा त्यांचा विचार आहे. एक फळी उतरती लावावयाची, वरून गाड्या सोडावयाच्या, आणि जी आधीं खालीं पोहोंचेल ती जिंकली असें समजावयाचें, एवढाच तो खेळ. परंतु मंडळीच्या एका वृद्ध पंचांनीं हरकत घेतली. ते म्हणाले, 'जेथें आपण नम्रता शिकवितों, तेथेंच मुलांस एकमेकांना मागें टाकावयास शिकवावें काय?' दुसरे पंच म्हणाले, 'लेकरें आहेत, खेळूं द्या. यांत धर्म कशाला आणावा?' शिक्षकबंधु विचारतात कीं, या दोघांपैकीं कोणाचें ऐकावें. माझ्या मतें दोघांचेंही थोडथोडें खरें आहे. परंतु दोघांच्याही ध्यानांत न आलेली एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे.

प्रथम शास्त्राकडे पाहूं. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत, आणि जिंकणाऱ्यास झाडपाल्याचा मुगुट मिळे. पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतीचाच दाखला घेतला आहे (१ करिंथ ९:२४-२५). त्यानें धांवण्यास नांवें ठेविलीं नाहींत; कोमेजणाऱ्या मुगुटासाठीं एवढे कष्ट, तर न कोमेजणाऱ्यासाठीं किती असावेत, असें तो सुचवितो. जखऱ्या संदेष्ट्यानें देवाच्या कृपेनें पुनः वसलेल्या नगराचें चित्र काढलें, त्यांत रस्तोरस्तीं खेळणारीं मुलेंमुली आहेत (जखऱ्या ८:५). तेव्हां मुलांच्या खेळास मंडळींत जागा नाहीं असें म्हणणारा संदेष्ट्याहूनही कडक ठरेल.

परंतु 'यांत धर्म कशाला' असें म्हणणाऱ्या बंधूंनीं मार्काच्या नवव्या अध्यायांतील प्रसंग वाचावा. वाटेनें जातांना शिष्यांचा वाद झाला कीं, आपणांत मोठा कोण. प्रभूनें उत्तर देतांना एक बालक मध्यें उभें केलें. येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मोठा कोण, हा प्रश्न त्या बालकानें विचारला नव्हता. तो दाढीमिशा आलेल्या माणसांचा प्रश्न होता.

ही गोष्ट मनांत ठेवून आपल्या मुलुखाकडे वळूं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपूर-वर्ध्याकडे, आणि वऱ्हाडांतही कित्येक ठिकाणीं, तान्हा पोळा भरतो. चाकें लाविलेला लाकडी बैल सजवून मुलें तो दोरीनें ओढीत घरोघर जातात, व खाऊ-पैसे मिळवितात. उत्तम सजविलेल्या बैलास बक्षीस देण्याचीही चाल आहे. हा गोड सण आहे. तरीही ज्याच्या बापानें सुताराकडून मोठा बैल करविला त्याच्याकडे सर्वांचे डोळे वळतात, आणि ज्याचा बैल वीतभर व रंग उडालेला, तें मूल गर्दीच्या कडेला उभें राहतें.

मोठ्यांची शर्यत म्हणजे शंकरपट. सर्वोच्च न्यायालयानें ता. ७ मे २०१४ रोजीं बैलांच्या शर्यती बंद केल्या; पुढें राज्यानें कायदा सुधारला, तो त्याच न्यायालयानें ता. १८ मे २०२३ रोजीं कायम केला, व आतां कांहीं अटींवर त्या शर्यती होतात. बंदी कां आली, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. तुतारीची आर टोंचावयाची, शेपटी पिळावयाची, आणि जिंकल्यावर फेटा मात्र मालकानें बांधावयाचा. धांवणारा एक, मान घेणारा दुसरा. लांकडाच्या लहानशा गाडीस पाठ नाहीं आणि शेपटी नाहीं. म्हणून तिच्या शर्यतींत कोणासच टोंचलें जात नाहीं, असें आपणांस वाटतें. तें कितपत खरें आहे?

ज्या शर्यतीविषयीं शिक्षकबंधु लिहितात तशी शर्यत १९५३ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, मॅनहॅटन बीच या गांवीं, डॉन मर्फी नांवाच्या गृहस्थांनीं बालवीरांच्या धाकट्या पथकासाठीं भरविली, आणि तेथून ती पुष्कळ ठिकाणीं व ख्रिस्ती मंडळ्यांच्या बालमंडळांतही पसरली. आंत मूल बसून उतारावरून जावयाच्या गाड्यांची शर्यत त्या देशांत आधींपासून होती. परंतु तिच्यासाठीं मर्फी यांचा मुलगा वयानें लहान पडला. म्हणून पाइन लांकडाचा एक ठोकळा, चार खिळे व चार चाकें घेऊन बापलेकांनीं मिळून गाडी करावी, अशी योजना त्यांनीं काढली. एंजिन नाहीं; पृथ्वीचें आकर्षण हेंच तिचें बळ. गाडीचें वजन पांच औंसांहून, म्हणजे सुमारें १४२ ग्रॅमांहून, अधिक नसावें, असा नियम आहे. हेतु उत्तम होता: बापानें मुलाजवळ बसावें. परंतु पुढें तेथेंही कुरकुर ऐकूं येऊं लागली कीं, गाडी बापच करितो आणि मूल नुसतें पाहत बसतें.

मी परक्यांचा दोष सांगत नाहीं. हा दोष माझ्या घरचा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका बालमंडळांत अशीच शर्यत होती. माझा मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता. त्यानें ज्वारीच्या धांड्यांची गाडी करावयास घेतली. चाक वांकडें बसे, म्हणून तो मजकडे आला. मीं ती त्याच्या हातून घेतली ती परत दिलीच नाहीं. सागवानाचा तुकडा तासला, जुन्या खेळण्याचीं चाकें काढून त्याला बसविलीं, पोटांत शिसें घातलें, आंसाला मेणबत्ती घासली. दोन रात्री मी त्यांत रमलों. मुलगा जवळ बसून पेंगत होता. शर्यतींत आमची गाडी सर्वांच्या पुढें गेली, आणि लोकांनीं पाठ थोपटली ती माझी. एका शेतमजुराच्या मुलाची गाडी धांड्यांचीच होती, बाभळीच्या कांट्यांनीं जोडलेली, व तिला जुन्या चपलेच्या रबराचीं चाकें होतीं. ती अर्ध्या वाटेवर आडवी झाली. लोक हंसले. त्या मुलानें ती उचलून सदऱ्याच्या आंत लपविली.

दुसऱ्या दिवशीं पाहतों तों दोघे ओट्यावर बसून तीच मोडकी गाडी नीट करीत होते. जिंकलेली गाडी फडताळांत तशीच पडली होती. 'आपली गाडी कां रे नाहीं घेतलीस?' असें मीं विचारलें. मुलगा वर न पाहतां म्हणाला, 'ते तुमची गाडी होती, बाबा. माही नव्हती.' त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. जें खरें होतें तेंच त्यानें सांगितलें. मीं एका मुलाचा खेळ काढून घेतला होता आणि दुसऱ्यास चारचौघांत लाजविलें होतें. आणि हें दोन्ही मीं प्रेमाच्या नांवाखालीं केलें होतें. शंकरपटांत बैलाच्या पाठीस जें लागतें, तें येथें मुलाच्या मनास लागलें. फेटा मीं बांधला होता.

कोणी म्हणतील, तर मग पहिला-दुसरा कोणीच काढूं नये. सर्वच जिंकले असें सांगावें. या सूचनेंत माया आहे, पण सत्य नाहीं. कोणती गाडी आधीं पोहोंचली हें पांच वर्षांच्या मुलालाही दिसतें. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांतील मालकानें सर्वांस सारखी मजुरी दिली (मत्तय २०:१-१६), परंतु कोण सकाळीं आला व कोण सायंकाळीं, हें त्यानें लपविलें नाहीं. हरणें ही वाईट गोष्ट नव्हे. ज्या मुलानें स्वतः गाडी केली तें हरल्यावर चाकाकडे पाहतें, आंस कोठें घांसतो तें शोधतें, आणि पुनः सोडून पाहतें. त्याच्या हातांत करण्यासारखें कांहीं तरी उरतें. बापाच्या गाडीनें हरलेल्या मुलाच्या हातांत मात्र कांहींच उरत नाहीं. बापाचा उतरलेला चेहरा तेवढा दिसतो. तसेंच बापाच्या गाडीनें जिंकलेलें मूल एवढेंच शिकतें कीं, दुसऱ्याच्या कामावर आपलें नांव लाविलें तरी टाळ्या मिळतात.

रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें स्थान आहे. तेराव्या शतकांत तेथें राहिलेल्या गोविंदप्रभूंच्या लीळा जुन्या मराठी गद्यांत लिहून ठेविल्या आहेत, आणि त्यांत ते लहान मुलासारखे खेळतांना दिसतात. त्या पंथाचा मार्ग व आपला विश्वास निराळा. तरी शेजारच्या घरीं जें चांगलें तें चांगलें म्हणावयास आपणांस संकोच नसावा. मोठ्या माणसानें मुलांत मूल व्हावें, यांत त्याचा मोठेपणा जात नाहीं, ही समज या मातींत फार जुनी आहे. मात्र मुलाच्या उंचीपर्यंत वांकणें निराळें, आणि मुलाला उठवून त्याच्या जागीं आपण बसणें निराळें.

म्हणून शिक्षकबंधूंस माझें सांगणें असें: शर्यत अवश्य घ्यावी, पण गाड्या घरीं करूं देऊं नयेत. एका दुपारीं सर्व मुलांस एकत्र बसवून, सर्वांस सारखेंच सामान देऊन, तेथेंच त्या कराव्या. धांडे, कांटे, शिशीचीं बुचें व जुनें रबर कोणत्याही खेड्यांत फुकट मिळतें. विळा-चाकू मोठ्यांनीं धरावा, बाकी हात मुलांचा असावा; चाक वांकडें बसलें तर वांकडेंच राहूं द्यावें, मूल विचारील तेव्हां सांगावें. मुलींस वगळूं नये. शेजारच्या घरचें मूल कुडावरून डोकावत असेल तर त्यालाही बोलवावें. एकदांच धांवून निकाल लावूं नये. प्रत्येक गाडी पुष्कळ वेळां सोडावी, आणि मध्यें दुरुस्तीस वेळ द्यावा. जी पहिली आली तिच्या मालकाचें नांव मोठ्यानें घ्यावें, खाऊ सर्वांस सारखा वांटावा, व पैशाचें बक्षीस ठेवूं नये. जिंकणाऱ्या मुलास एक काम द्यावें: ज्याची गाडी मोडली त्याच्याजवळ बसून ती नीट करावयास मदत करणें. माझ्या मुलास हें कोणी शिकविलें नव्हतें. मीं बाजूला होतांच तें त्याला आपोआप सुचलें.

आणि त्या वृद्ध पंचांस नम्रपणें एवढेंच विचारावें कीं, त्यांनीं त्या दिवशीं फळीच्या खालच्या टोंकाशीं बसावें, आणि शेवटीं येणाऱ्या गाडीचें कौतुक करण्याचें काम पत्करावें. नम्रता त्यांस शिकवावयाची आहेच. तिच्यासाठीं याहून चांगली जागा मिळणार नाहीं. आपण बाप व आया मागच्या चटईवर बसूं. घरीं परततांना 'तुझा कितवा नंबर आला?' असें विचारण्याआधीं 'तूं काय केलेंस, दाखव बरें,' असें म्हणण्याची बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.